सोपारा, वसई आणि आपली खाडी

भाईंदर पश्चिमेहून वसई किल्ल्याला जाणारी रो-रो बोट तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल, काही जणी बसूनही आल्या असतील. 2024 च्या फेब्रुवारीत ती सुरू झाली. त्याआधी गाडीने वसई गाठायची तर काशिमिरा, वरसावे, हायवे असा तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा घालावा लागायचा. आता बोट निघाली की चहा पिऊन होईपर्यंत पलीकडचा काठ येतो. आज बोलायचंय ते याच पाण्याबद्दल. ही खाडी आणि तिच्या उत्तरेला वैतरणेपर्यंतचा किनारा, एवढ्याशा पट्ट्यात दोन हजारांहून जास्त वर्षं बंदर होतं. पण ते एका जागी राहिलं नाही. आधी सोपारा, मग वसई, मग मुंबई असं ते सरकत गेलं. ते का सरकलं आणि मागे कोण राहिलं, ते सांगते.

सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. विरार लोकलला लोंबकळताना त्या स्टेशनचं नाव ऐकून कोणाच्या मनात इतिहास येत नाही. पण जुन्या ग्रंथांतलं शूर्पारक ते हेच. शूर्प म्हणजे सूप, आपण तांदूळ पाखडतो ते. परशुरामाने समुद्र हटवून जमीन मिळवली, त्या कथेशी हे नाव जोडलेलं आहे. कथा बाजूला ठेवली तरी दगडावर कोरलेला पुरावा आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात राज्यभर आज्ञा कोरून घेतल्या. त्यांतल्या आठव्या आज्ञेचा तुकडा 1882 मध्ये सोपाऱ्याला सापडला आणि नवव्या आज्ञेचा 1956 मध्ये जवळच्या भुईगावला. राजा आपल्या आज्ञा कोरून लावतो ते चार लोकांच्या येण्याजाण्याच्या ठिकाणी. तेव्हा सोपारा हे नुसतं कोळीवाड्यापुरतं गाव नव्हतं, हे यावरूनच कळतं.

त्या नवव्या आज्ञेत आपल्या बायकांचा उल्लेख आहे बरं का. राजा म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, आणि बायका तर फारच करतात, त्यांतले बरेच क्षुल्लक असतात. वाचून मला हसू आलं, कारण नवरा परदेशी निघालेल्या गलबतावर असेल तर घरची बाई नवस बोलणार नाही तर काय करेल? पण त्याच आज्ञेत पुढे म्हटलंय की खरा मंगल विधी म्हणजे नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं आणि जिवाला इजा न करणं. घरकामाला जाणाऱ्या आपल्या गटातल्या बहिणींनी हे पाठ करून ठेवायला हरकत नाही.

सोपाऱ्यालाच एक मातीचा उंचवटा होता. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला आणि आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडाची मोठी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. आजीच्या ट्रंकेत डब्यात डबा असायचा ना, अगदी तसं. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे जपून ठेवलेले तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. बाकी सोन्याची फुलं होती. हे करंडे आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. एवढं सोनं आणि स्फटिक एका गावाने जमिनीत ठेवलं, म्हणजे तिथे पैसा होता. तो आला कुठून?

तो आला समुद्रावरून, आणि पार भूमध्य समुद्रापर्यंतच्या व्यापारातून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी माहितीपुस्तक लिहिलं. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय मिळतं, कुठे सांभाळून राहायचं, असं सगळं त्यात आहे. त्याचं नाव पेरिप्लस. त्यात आपल्या किनाऱ्यावरची भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं आहेत. तिकडच्या टोकाला होतं अलेक्झांड्रिया, भूमध्य समुद्रावरचं तेव्हाचं मोठं बंदर, जगप्रसिद्ध दीपगृहाचं. तिथून माल नाईल नदीतून वर, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बंदरात, आणि तिथून गलबतांत. जुलैच्या सुमारास निघायचं, नैऋत्य मोसमी वारा पाठीशी घ्यायचा आणि आपला पाऊस ओसरता ओसरता या किनाऱ्याला लागायचं. परतताना हिवाळ्यातला उलटा वारा धरायचा. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, त्यामागेही हाच मोसमी वारा आहे.

तिकडून यायचं ते द्राक्षाची दारू, तांबं, कथील, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी. इकडून जायचं ते कापड, हस्तिदंत, अकीक, सुगंधी मुळ्या, मिरी. कापडाबद्दल पेरिप्लसमध्ये फार चांगली माहिती आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून किनाऱ्याकडे यायची, तीही रस्ता नसलेल्या अवघड मुलखातून. आता हे सूत कोणी कातलं असेल, त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण चरखासुद्धा नव्हता तेव्हा. टकळीवर सूत काढायचं, बोटं चालवत बसायचं. ते काम घराघरांतून कोण करत असेल हे सांगायला दगडावरचा लेख लागत नाही.

रोममध्ये मात्र या व्यापारावर कुरकुर सुरू झाली. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने हिशोब मांडला की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, ओढून नेतो. दुसऱ्या एका ठिकाणी तो पूर्वेकडच्या सगळ्या देशांचा मिळून दहा कोटींचा आकडा देतो आणि म्हणतो, आमची चैन आणि आमच्या बायका आम्हाला एवढ्यात पडतात. अशोकही बायकांवर घसरला, प्लिनीही. खर्चाची वही उघडली की खापर कोणाच्या डोक्यावर फुटतं, ते दोन हजार वर्षांत फारसं बदललेलं दिसत नाही.

एवढा माल हलायचा तर घाट, धर्मशाळा, होड्या, जकात हे सगळं लागणारच. कल्याणहून जुन्नरला चढणारा नाणेघाट तेव्हाचा. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे. त्यात यज्ञ आणि दानं यांची यादी आहे, किती गाई, किती घोडे, किती नाणी, आकड्यांसकट. आपल्या गटाच्या हिशोबनीसाला दाखवावा असा तो लेख आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायला होता असं सांगतात. आपल्या जवळच्या कान्हेरीला, बोरिवलीच्या डोंगरात, सोपारा, कल्याण, चौल इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत बायका आहेत, भिक्षुणी आहेत. एकीने पाण्याचं टाकं दिलं, दुसरीने भिक्षूंना राहायला खोली. थोडंथोडं देऊन मोठं काम उभं करायचं, ही रीत काही बचत गटांनी शोधून काढलेली नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्याने सोपाऱ्याला आणि आणखी तीन ठिकाणी उतारूंसाठी धर्मशाळा बांधल्या. डहाणूची नदी, दमणगंगा, तापी अशा नद्यांवर होड्या ठेवल्या आणि त्यांतून लोकांना फुकट पलीकडे सोडलं. त्याची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा लेखही तिथेच आहे. आज रो-रोचं तिकीट काढताना आमच्या बायका टोपलीचे वेगळे पैसे पडणार का म्हणून दहा वेळा विचार करतात, तेव्हा मला हा उषवदात हटकून आठवतो.

पण बंदरावर माल येतो तसे तंटेही येतात. त्या माहितीपुस्तकात कल्याणबद्दल इशारा दिलेला आहे. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चालायचा, आता राज्य बदललंय, ग्रीक जहाज तिकडे गेलंच तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. सातवाहन आणि क्षत्रप यांची भांडणं चालली होती आणि बंदर ज्याच्या हातात त्याच्या हातात जकात. कल्याणला समुद्रातून जायचं तर ठाण्याच्या खाडीतून तरी जायचं नाहीतर आपल्या या वसईच्या खाडीतून, घोडबंदरवरून उल्हास नदीत. म्हणजे आज राई-मुर्ध्याच्या मागे खाडीचं जे पाणी भरतीला आत येतं, त्या पाण्याच्या तोंडावर कोणाचं निशाण हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

सोपारा पुढेही बराच काळ टिकलं. अरब लेखक त्याला सुबारा म्हणतात. शिलाहार राजा अनंतदेव याच्या 1094 च्या ताम्रपटात ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांची नावं आहेत. तो ताम्रपट कशासाठी, तर आपल्या दोन अमात्यांच्या जहाजांना जकात माफ केली त्यासाठी. माफी मोठ्यांना मिळते, हेही जुनंच. 1321 मध्ये जॉर्डानस नावाचा युरोपातला धर्मगुरू इथे आला. त्याच्या सोबतच्या चार जणांना ठाण्यात मारलं गेलं, तेव्हा त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. तोपर्यंत सोपारा परदेशी माणसाच्या माहितीतलं गाव होतं, असा याचा अर्थ.

मग ते गेलं कुठे? त्याला कोणी जाळलं नाही की समुद्राने गिळलं नाही. ते गाळाने भरलं. सोपाऱ्याला जहाजं जायची ती वैतरणा आणि वसईची खाडी यांच्यामधल्या फाट्यातून. त्या पाण्याने तेव्हा वसईचा भाग बेटासारखा वेगळा केला होता. पावसाळ्यात नद्या डोंगरातली माती आणतात, भरती ती आत ढकलते, आणि दोन पाण्यांची गाठ पडते तिथे पाणी संथ होऊन माती खाली बसते. वर्षाला थोडीशीच बसते, कोणाच्या डोळ्यावर येत नाही. पण जहाजं मोठी होत जातात आणि पाणी उथळ होत जातं. एक दिवस तांडेल म्हणतो, आत नको, बाहेरच नांगर टाकू. तो बाहेरचा काठ म्हणजे वसई.

वसईवर पोर्तुगीजांची नजर होतीच. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या हुमायूनने घेरला गेला, तेव्हा त्याने 23 डिसेंबर 1534 ला पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई, साष्टी, मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. पुढे दोनशे वर्षं वसई ही त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी. आज आपण बोटीतून उतरून बघतो तो तट त्यांचा. आत चर्च होती, मठ होते, इस्पितळ होतं, दिमाखदार वाडे होते. बाहेरच्या गावांत भात, ऊस, केळी पिकायची, जहाजं बांधली जायची. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया, वडील पोर्तुगीज आणि आई इथली, जपानला गेला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये पोपने त्याला संतपद दिलं, भारतात जन्मलेला पहिला संत तोच. उत्तन, डोंगरीपासून वसईपर्यंतच्या आपल्या ख्रिस्ती शेजारणींना हे मी सांगायला नको.

या दोनशे वर्षांबद्दल बोलताना आपल्याकडे लोक एकदम दोन टोकांना जातात. देवळं पाडली गेली, धर्मासाठी जुलूम झाला, गोव्याच्या इन्क्विझिशनची दहशत इथवर होती, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्या काळात बाप्तिस्मा घेतलेले आगरी, कोळी, भंडारी, सामवेदी हे काही जहाजातून उतरलेले नव्हते. तीच माणसं, तीच शेतं, तीच जाळी. आणि पोर्तुगीज शब्द तर आपल्या सगळ्यांच्याच घरात आहेत. पगार, चावी, साबण, घमेलं, इस्त्री, बटाटा, अननस, पाव. पगार होईपर्यंत हप्ता थांबवा असं गटाच्या बैठकीत कोणी म्हणते, तेव्हा त्या वाक्यातही एक फिरंगी शब्द बसलेला असतो.

मराठ्यांची वसईची मोहीम 1737 ला सुरू झाली. बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा तिचे सेनापती. ठाणे आणि साष्टीचा बराचसा भाग पहिल्याच वर्षी हाती आला, घोडबंदरही आलं. वसई मात्र येईना, कारण समुद्राकडची वाट उघडी असेपर्यंत किल्ल्याला रसद मिळत राहणार. इथे आपला भाग येतो. भाईंदरपासून उत्तन-चौकपर्यंतचं हे आपलं सगळं धारावी बेट. मुंबईतली ती दुसरी धारावी, ती नव्हे. चौकला टेकाडावर धारावीचा किल्ला आहे, तिथून खाडीचं तोंड समोर दिसतं. तिथे तोफा चढवल्या की वसईला जाणारं गलबत टप्प्यात येतं. या किल्ल्यासाठी दोन्हीकडची माणसं पडली, तो हातचा गेला, पुन्हा झुंज झाली, आणि 1739 च्या मार्चमध्ये तो मराठ्यांकडे आला. त्यानंतर दोन महिन्यांत, 16 मे 1739 ला, वसईने पांढरं निशाण दाखवलं. शाळेच्या पुस्तकात वसईचा विजय असतो. आपल्या चौकचा किल्ला नसतो. तिथे जाऊन उभं राहिलं की नकाशा न बघता लढाई कळते.

तहाच्या अटी मुद्दाम सांगते. पोर्तुगीजांना आठ दिवसांत चीजवस्तू घेऊन निघून जायची मुभा दिली, बायकामुलांना हात लावला नाही, आणि राहायचं असेल त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक ठेवली. हजारो माणसं गमावलेल्या फौजेने हे केलं, म्हणून ते जास्त मोलाचं. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. नारोशंकराच्या घंटेवर 1721 साल आहे. नवस फेडायला चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. तिथे आपल्याकडून गरम पाण्याच्या कुंडांसाठी जाणाऱ्या कितीतरी जणींना त्या देवळाचा वसईशी संबंध माहीत नसतो.

आता एक गंमत बघा. मुंबईचा कारभार एकेकाळी वसईहून चालायचा. 1661 मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली. हुंडा म्हणून शहर! इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना ते मुळीच पसंत नव्हतं, त्यांनी ताबा द्यायला चार वर्षं लावली. त्यांना धोका दिसत होता. मुंबईच्या बंदरात पाणी खोल होतं, ओहोटीलाही जहाज तरंगत राहायचं. वसईच्या खाडीत ती सोय नाही. इंग्रजांनी 1780 मध्ये वसई जिंकली, सालबाईच्या तहाने 1782 मध्ये परत दिली. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने वसईलाच बसून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. तोपर्यंत व्यापार मुंबईकडे सरकलेला होता. 1867 मध्ये विरार ते मुंबई लोकल सुरू झाली, तिचे रूळ किल्ल्यापासून चांगले लांब, पूर्वेकडून गेले. मग वसईचा भाजीपाला, फुलं, पान, सुकेळी गाडीने मुंबईला जायला लागली. आपल्या काठावर मिठागरं राहिली. मासळी राहिली.

म्हणजे बंदर दोनदा हललं, पण काठावरची माणसं तिथेच राहिली. त्यांच्या वाट्याला जे काम उरलं ते त्यांनी धरलं. आज राई, मुर्धा, मोर्वा या गावांत मिठागरात राबलेल्या सासवा आहेत आणि मॉलमध्ये कामाला जाणाऱ्या सुना आहेत. आमच्या गटातल्या चार जणींचं सध्या चाललंय की सुकी मासळी, सोडे आणि पापड घेऊन शनिवार-रविवार बोटीने किल्ल्याकडे जावं, कारण तिथे फिरायला येणारी माणसं वाढली आहेत. त्यासाठी गटातून कर्ज द्यायचं की नाही यावर अजून एकमत नाही. माझं मत द्यावं असं आहे. उतारू आला की खाणं विकणारी बाई तिथे असतेच, उषवदाताच्या धर्मशाळेबाहेरही असणार. पण मी त्यांना एक विचारते: बोट किती वर्षं चालेल असं धरताय?

विचारायचं कारण पुन्हा गाळच आहे. सोपारा भरायला शेकडो वर्षं लागली, तेव्हा नुसती नदीची माती होती. आता काठावरच्या कांदळवनात रात्री डंपर रिकामे होतात, पाण्यात प्लास्टिक येतं, वरून उल्हास नदी शहरांची घाण आणते. कांदळवनाची मुळं माती धरून ठेवतात. ती तोडली की तीच माती खाडीच्या पोटात जाते. जुनी कोळी माणसं सांगतात, पूर्वी होडी लागायची तिथे आता ओहोटीला चिखल असतो. गाळ उपसायला यंत्र आणता येतं, पण ते दरवर्षी आणावं लागतं आणि त्याचा खर्च शेवटी तिकिटात येतो. म्हणून रात्रीचा डंपर दिसला की गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. गटाच्या नावाने महापालिका आणि तहसीलदार दोन्हीकडे अर्ज द्या, पोच घ्या. कांदळवन तोडणं आणि त्यात भराव टाकणं गुन्हा आहे. एकटीच्या तक्रारीपेक्षा वीस जणींच्या सह्यांचा कागद लवकर हलतो, हा आमचा अनुभव आहे.

बघायला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. सोपाऱ्याचा स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे, स्टेशनवरून रिक्षा मिळते. तिथे विटांचा चौथरा आणि झाडं एवढंच दिसेल, करंडे तिथे नाहीत. वसईचा किल्ला मोठा आहे, पायात चप्पल चांगली घाला, पाणी न्या, आणि पावसाळ्यात गवतात जपून चाला. चौकच्या किल्ल्यावर संध्याकाळी जा. भरतीची वेळ साधली तर खाडीचं तोंड पाण्याने भरलेलं दिसतं आणि समोर वसईचा तट.